बायोडिझेल : किती सुरक्षित, सृष्टीला किती हितकर?

कोल्हापूर जिल्ह्यातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेकांची चूल या ना त्या मार्गाने डिझेलवर पेटते. कोणाचा मालवाहू टेम्पो आहे, कोणी शाळेची बस चालवतो, कोणाच्या शेतात ट्रॅक्टर आहे, तर कोणी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत राबतो. त्यामुळे महामार्गालगत 'येथे बायोडिझेल मिळेल' अशी पाटी दिसली आणि दर नेहमीच्या पंपापेक्षा बराच कमी असला, की मन तिकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे. दुसरीकडे आपल्या युवक मंडळांतील उत्साही तरुण 'तळणाच्या तेलापासून घरीच इंधन करा' असे सांगणाऱ्या चित्रफिती पाहून तो प्रयोग करू इच्छितात. हे इंधन सुरक्षित आहे काय आणि त्याने सृष्टीचे रक्षण खरोखर होते काय, हे दोन प्रश्न म्हणूनच विचारले जातात. बायोडिझेल हे नाव एकच असले तरी ते कोणत्या तेलापासून, कोणी आणि कसे केले यावर या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पूर्णपणे बदलतात. या लेखात आम्ही प्रामुख्याने हेच स्पष्ट करणार आहोत.

आरंभी एक गैरसमज दूर करावयास हवा. आपल्या जिल्ह्यात उसाची आणि साखर कारखान्यांची रेलचेल असल्यामुळे 'जैवइंधन' म्हटले की इथेनॉलच डोळ्यांपुढे येते. इथेनॉल हे मळीपासून किंवा उसाच्या रसापासून आंबवून केलेले मद्यार्क आहे. ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. बायोडिझेल ही सर्वस्वी वेगळी वस्तू आहे. ते वनस्पती तेलापासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून बनते व डिझेलमध्ये मिसळले जाते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले असले तरी प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खाली रेंगाळले आहे. इथेनॉलने गाठलेली मजल बायोडिझेलला का गाठता आली नाही, याचे कारण पुढे येईलच.

तेलावर इंजिन चालवण्याची कल्पना नवी नाही. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात रुडॉल्फ डिझेल यांच्या पद्धतीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. परंतु कच्चे तेल घट्ट असते. ते नीट फवारले जात नाही, इंजिनात काजळी धरते आणि कालांतराने यंत्र बंद पडते. म्हणून तेलाचे रूपांतर करावे लागते. साधारण शंभर किलो तेलात दहा-अकरा किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून मिश्रण गरम केले व ढवळले, की तेलाचा रेणू फुटतो. मग वर सुमारे शंभर किलो पातळ बायोडिझेल आणि खाली सुमारे दहा किलो ग्लिसरीन असे दोन थर होतात. वरचा थर वेगळा काढून, धुऊन, वाळवून वापरायचा असतो. कृती ऐकायला स्वयंपाकासारखी वाटते, आणि धोक्याचे मूळ नेमके तेथेच आहे.

इंधन स्वतः किती धोकादायक?

इंधनाची वाफ ज्या तापमानाला ठिणगी लागताच पेट घेते, त्यास ज्वलनबिंदू म्हणतात. पेट्रोलचा ज्वलनबिंदू शून्याच्याही बराच खाली असतो, म्हणून पेट्रोल केव्हाही भडकते. आपल्या देशातील डिझेलसाठी हा बिंदू किमान ३५ अंश सेल्सिअस असावा असा नियम आहे. बायोडिझेलसाठीच्या भारतीय मानकानुसार (आय.एस. १५६०७, २०१६ ची आवृत्ती) तो किमान १०१ अंश असावा लागतो, आणि चांगल्या प्रतीच्या बायोडिझेलचा तर १३० अंशांच्याही वर असतो. याचा अर्थ असा, की कोल्हापूरच्या भर उन्हाळ्यातही शुद्ध बायोडिझेलच्या पिंपातून पेट घेणारी वाफ सहसा निघत नाही. साठवणुकीच्या व वाहतुकीच्या दृष्टीने ते डिझेलपेक्षा निश्चितच सुरक्षित आहे. मात्र ते पेटतच नाही असे मानणे चूक आहे. तापलेल्या सायलेन्सरवर सांडले किंवा भोवताली आग लागली तर तेही जळते. तेलाच्या कोणत्याही आगीप्रमाणे त्या आगीवर पाणी ओतू नये. फेस, कोरडी पावडर किंवा वाळू वापरावी.

एक धोका फारच थोड्यांना ठाऊक असतो. बायोडिझेलने किंवा वनस्पती तेलाने भिजलेल्या चिंध्या, बोळे, जुने कपडे एका ढिगात कोंबून ठेवले, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते आतल्या आत तापतात आणि ठिणगीवाचून पेट घेऊ शकतात. गॅरेजच्या कोपऱ्यात असा ढीग नेहमीच पडलेला असतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवाव्यात.

आणखी एक साधी पण जिवावर बेतणारी गोष्ट म्हणजे बायोडिझेलचे दिसणे. ते पिवळसर, पातळ, अगदी खाद्यतेलासारखे दिसते. आपल्याकडे तेलाचे रिकामे पंधरा किलोचे डबे कधी वाया जात नाहीत. त्यांत धान्य भरतात, रॉकेल भरत असत, आणि आता हेही भरतील. ठळक चिठ्ठीवाचून असा डबा स्वयंपाकघराच्या आसपास ठेवणे कटाक्षाने टाळावे.

घरी करण्याचा मोह

इंधन सुरक्षित, पण ते करण्याची कृती धोक्याची, असे म्हटल्यास विरोधाभास वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. मिथेनॉलचा ज्वलनबिंदू सुमारे ११ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्या हवेत ते वर्षभर पेट घेण्याच्या तयारीत असते. त्याची ज्योत इतकी फिकट निळी असते की दिवसाच्या उजेडात आग लागली आहे हेच दिसत नाही. हात भाजल्यावर कळते. त्याची वाफ श्वासावाटे आणि द्रव त्वचेवाटेही शरीरात जातो, आणि पोटात गेल्यास दृष्टी व प्राण दोन्ही जाऊ शकतात. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यामागे हेच मिथेनॉल होते. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा एकत्र केल्यावर होणारे मिश्रण तर दुहेरी घातक असते. ते तयार होताना तापते, त्वचा जाळते, आणि डोळ्यांत उडाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते.

म्हणून आम्ही स्पष्टपणे सांगतो : घराच्या मागील पडवीत, सभागृहाच्या स्वयंपाकघरात किंवा शाळेच्या शेडमध्ये हा प्रयोग करू नये. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, जाणकार प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एखाद्या बाटलीपुरता प्रयोग करणे निराळे आणि शेगडीवर पिंप ठेवणे निराळे. परवान्यावाचून मिथेनॉलचा साठा करणे हा कायद्याच्या दृष्टीनेही गंभीर मामला आहे.

घरगुती बायोडिझेल धोकादायक असण्याचे आणखी एक कारण आहे. नीट न धुतलेल्या बायोडिझेलमध्ये मिथेनॉल शिल्लक राहते. मानकानुसार ते ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, कारण तेवढ्याशा मिथेनॉलनेही ज्वलनबिंदू झपाट्याने खाली येतो. सुरक्षित म्हणून आपण ज्याचे कौतुक केले तेच इंधन मग डिझेलपेक्षाही अधिक भडक ठरू शकते. केवळ डोळ्यांनी पाहून हा फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो.

रस्त्याकडेचे 'बायोडिझेल'

पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. साहजिकच स्वस्त इंधनाला येथे गिऱ्हाईक मिळते. २०२०-२१ च्या सुमारास डिझेलचे दर भडकले तेव्हा गुजरात व महाराष्ट्रात बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच द्रव्ये विकली जात असल्याचे अनेक छाप्यांतून उघड झाले. औद्योगिक वापराची हलकी तेले, द्रावके आणि इतर पेट्रोलियम पदार्थ यांची ती मिश्रणे होती. वनस्पती तेलाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. केंद्र शासनाने एप्रिल २०१९ मध्ये बायोडिझेलच्या विक्रीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये बी-१००, म्हणजे शंभर टक्के बायोडिझेल, याचे उत्पादन, साठवणूक, पुरवठा व विक्री यांसाठी स्वतंत्र धोरण आणले, त्यास बऱ्याच अंशी हा गैरव्यवहारच कारणीभूत होता.

अशा मिश्रणातील द्रावकांचा ज्वलनबिंदू नेहमीच्या हवेच्या तापमानाइतका किंवा त्याहून कमी असू शकतो. ज्या टाक्या आणि नळ्या डिझेलसाठी केलेल्या आहेत त्यांत असे द्रव्य भरणे म्हणजे पेट्रोलसारखा पदार्थ पेट्रोलची काळजी न घेता हाताळणे होय. इंजिनाची हानी तर होतेच. परंतु शाळेची बस अशा इंधनावर चालत असेल तर प्रश्न इंजिनापुरता उरत नाही. विक्रेत्याची नोंदणी, मालाचा मानकानुसार तपासणी अहवाल आणि बी-१०० असा स्पष्ट उल्लेख असलेले पक्के बिल या तीन गोष्टी मागाव्यात. त्या न दाखवता 'साहेब, दर बघा' असे म्हणणाऱ्याकडून एक लिटरही घेऊ नये. आमचे मत तर असे आहे, की चांगले तेल महाग असते हे ठाऊक असणाऱ्याने फार स्वस्त बायोडिझेलवर विश्वास ठेवण्याचे कारणच नाही.

खऱ्या बायोडिझेलबाबतही वाहनमालकाने दोन-तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. डिझेलसाठीच्या २०१७ च्या भारतीय मानकानुसार पंपावरील डिझेलमध्ये सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालते, आणि तेवढ्याने इंजिनाला बाधा होत नाही. उलट गंधक काढून टाकलेल्या आजच्या डिझेलला ते थोडा वंगणाचा गुण देते. त्याहून अधिक प्रमाण वापरायचे तर वाहनाच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे काय हे पाहावे. बायोडिझेल जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते व मऊ करते, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून बसवते. पाणी तर ते डिझेलपेक्षा अधिक ओढून घेते, आणि पाणी शिरले की त्यात जंतू वाढून चिकट साका धरतो. आपल्या पावसाळ्याचा विचार करता ही बाब क्षुल्लक नव्हे. पाम तेलापासून केलेले बायोडिझेल सुमारे १५ अंशांलाच गढूळ होऊन गोठू लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आजरा, चंदगड भागात तापमान त्याखाली सहज उतरते.

धूर आणि हवा

आता सृष्टीच्या प्रश्नाकडे वळू. बायोडिझेलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे ते अधिक पूर्णपणे जळते, आणि त्यात गंधक जवळजवळ नसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. त्या काळच्या इंजिनांत शुद्ध बायोडिझेलमुळे धुरातील सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निम्म्यावर येतात, तर नायट्रोजनची ऑक्साइडे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, असे त्यातून दिसले. वीस टक्के मिश्रणात हे फायदे-तोटे त्याच मानाने कमी होतात.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मानकांपेक्षा वाईट ठरली त्यांत कोल्हापूरचेही नाव आहे, आणि येथील मुख्य तक्रार धुळीच्या व धुराच्या कणांचीच आहे. त्या दृष्टीने जुन्या मालमोटारी, ट्रॅक्टर व जनरेटर यांच्यासाठी बायोडिझेलचा उपयोग आहे. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या वाहनांत मात्र कण अडवणारी जाळी मुळातच असते. तेथे हा लाभ फारसा उरत नाही. आणि एक सूचना अवांतर वाटली तरी देतो : इंधन कोणतेही असो, बंद खोलीत जनरेटर चालवू नये. बायोडिझेलच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि सणाच्या रात्री वीज गेल्यावर सभागृहाच्या जिन्याखाली जनरेटर सुरू करण्याची आपली सवय जीवघेणी आहे.

जमिनीवर किंवा पाण्यात सांडल्यास बायोडिझेल डिझेलपेक्षा पुष्कळ लवकर कुजते. चार आठवड्यांत त्याचा बहुतांश भाग जंतू खाऊन टाकतात. परंतु कुजताना ते पाण्यातील प्राणवायू खाते. पंचगंगेत मेलेले मासे वर आल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. त्या नदीत तेल, ग्लिसरीन किंवा बायोडिझेल धुतल्याचे पाणी सोडणे हे 'नैसर्गिक आहे, कुजून जाईल' अशा समजुतीने क्षम्य ठरत नाही.

तेल कोठून येते?

खरा प्रश्न येथे आहे, आणि आमच्या मते तो इंजिनाच्या प्रश्नाहून मोठा आहे. झाड वाढताना हवेतील कर्बवायू शोषते आणि त्याचे तेल जळताना तोच परत सोडते, म्हणून बायोडिझेल हवामानास निरुपद्रवी, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. जमीन आधी कशी होती, हे त्यात धरलेले नसते. २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला. इंडोनेशिया-मलेशियातील सखल भागातील जंगल तोडून पाम लावल्यास, त्या तोडीतून बाहेर पडलेला कर्बवायू बायोडिझेलच्या बचतीतून भरून निघण्यास सुमारे ८६ वर्षे लागतात. आणि दलदलीची, कुजक्या वनस्पतींच्या थराची जमीन असल्यास ४२३ वर्षे. ज्या पिढीने असे इंधन जाळले तिच्या नातवंडांच्या नातवंडांनाही त्याचा लाभ दिसणार नाही. युरोपीय संघाने याच कारणास्तव २०३० पर्यंत पाम तेलाचे बायोडिझेल आपल्या हरित उद्दिष्टांतून टप्प्याटप्प्याने वगळण्याचे २०१९ मध्ये ठरवले.

आपल्या देशाला तर खाद्यतेलाचीच चणचण आहे. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो. जे तेल गरिबाच्या कढईला पुरत नाही ते मोटारीत जाळणे कोणत्या न्यायाचे? २००७ मध्ये जगभर धान्याचे भाव चढू लागले तेव्हा अन्नाच्या हक्कासाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन प्रतिनिधी जाँ झिग्लर यांनी अन्नपिकांपासून इंधन करण्यावर पाच वर्षे बंदी घालावी अशी मागणी केली होती. पृथ्वीची फळे सर्वांसाठी आहेत, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात ती पुन्हा ठामपणे मांडली. त्याच परिपत्रकाच्या १६५ व्या परिच्छेदात खनिज इंधनांची जागा लवकरात लवकर इतर ऊर्जेने घ्यावी असे सांगताना, ती सर्वांना उपलब्ध होईपर्यंत दोन अनिष्टांतील कमी अनिष्ट निवडण्यास हरकत नाही, अशीही व्यवहारी भूमिका त्यांनी घेतली आहे. बायोडिझेलला आम्ही हीच कसोटी लावतो. उपाशी माणसाच्या ताटातून आलेले तेल कमी अनिष्ट ठरू शकत नाही.

मोगली एरंडाचा धडा

यावर उपाय म्हणून अखाद्य तेलाचा मार्ग पुढे आला. नियोजन आयोगाने २००३ मध्ये मोगली एरंडावर, म्हणजेच चंद्रज्योतीवर आधारित राष्ट्रीय बायोडिझेल मोहिमेचा आराखडा मांडला. प्रात्यक्षिकासाठी चार लाख हेक्टर आणि पुढे डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रणासाठी एक कोटी हेक्टरांहून अधिक जमीन या झाडाखाली आणण्याचा तो विचार होता. त्याआधी ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर मार्गावर पाच टक्के बायोडिझेलवर रेल्वेगाडी चालवून पाहण्यात आली होती. वातावरण उत्साहाचे होते. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून, खतावाचून सोने पिकेल, अशी भाषा गावोगावच्या मेळाव्यांत ऐकू येत असे.

वास्तविक महाराष्ट्राकडे अनुभव आधीच होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात माजी मंत्री विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने नाशिक भागातील शेतकऱ्यांनी मोगली एरंडाची लागवड केली होती. उत्पन्न अपेक्षेच्या पासंगालाही पुरले नाही आणि काही वर्षांत शेतकऱ्यांनी ती झाडे सोडून दिली. दोन दशकांनी देशभर तेच घडले. पाण्यावाचून हे झाड जगते हे खरे. पण जगणे आणि बी धरणे यांत अंतर आहे. २००६ पासून तेल कंपन्यांनी देऊ केलेला लिटरला सुमारे २५ रुपयांचा दर उत्पादन खर्चालाही पुरेना. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत वीस टक्के मिश्रणाचे ध्येय ठेवले. ते साध्य झाले नाही. वर उल्लेखिलेल्या अपयशाचे मूळ हे आहे : इथेनॉलला ऊस आणि कारखाने तयार होते, बायोडिझेलला तेलच नव्हते.

आणि ज्या जमिनीला सरकारी कागदावर पडीक म्हणतात ती खरोखर कोणाचीच नसते काय? आपल्याकडील गायराने आणि डोंगरउतार यांवर धनगरांच्या शेळ्यामेंढ्या चरतात, भूमिहीन बायका सरपण वेचतात. मोगली एरंडाला शेळी तोंड लावत नाही, म्हणून तर त्याचे कुंपण करण्याची आपल्याकडे रीत आहे. गायरान त्या झाडाने भरले तर चाऱ्याची जागा गेली, एवढाच त्याचा अर्थ.

या झाडाबाबत पालकांनी व शिक्षकांनी विशेष सावध राहावे. त्याच्या बिया चवीला गोडसर, शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि त्यांत तीव्र विष असते. राज्यातील अनेक गावांत शाळकरी मुलांनी कुंपणावरच्या या बिया खाल्ल्याने उलट्या-जुलाब होऊन त्यांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना वेळोवेळी घडल्या आहेत. तेल काढल्यावर उरणारी पेंडही विषारी असल्याने ती गुरांना घालता येत नाही. शाळेच्या किंवा चर्चच्या आवाराला हे कुंपण असेल तर ते काढून टाकावे. मेंदी किंवा करवंद लावावे. करंज आणि कोकणकिनाऱ्यावरील उंडी या आपल्या जुन्या झाडांच्या कडू तेलाचे दिवे पूर्वी घरोघर जळत. त्यांच्यापासूनही बायोडिझेल होते, आणि नदीकाठी किंवा बांधावर ती मुळातच शोभतात. मात्र त्यांच्या बिया गोळा करण्याची मजुरी धरता ते तेल मोठ्या प्रमाणावर स्वस्त पडेल असे दिसत नाही.

तळणाचे तेल

मग उरते काय? ज्या तेलाने आपले पहिले काम केले आहे आणि जे पुन्हा पोटात जाऊ नये, ते. कोल्हापूरसारख्या खवय्यांच्या गावात भजी, वडे, फरसाण आणि मासळी तळून किती तेल रोज उरत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वारंवार तापवलेल्या तेलात आरोग्यास घातक संयुगे वाढत जातात. जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल स्वयंपाकात वापरण्यास मनाई केली आहे. मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणास वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याची नोंद ठेवावी लागते. प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये 'रुको' ही मोहीम सुरू केली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत अशा तेलापासून केलेले बायोडिझेल पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये दराने घेण्याची तयारी दर्शवली.

या तेलासाठी जंगल तुटत नाही, गायरान जात नाही, कोणाचे ताट रिकामे होत नाही. शिवाय मोठ्या हॉटेलांचे काळे तेल स्वस्तात विकत घेऊन त्यात पुन्हा तळणाऱ्या लहान गाड्यांवर ते पोहोचत नाही, आणि गटारात ओतले जाऊन पंचगंगेतही जात नाही. संपूर्ण विषयात निःशंकपणे चांगली म्हणता येईल अशी बाजू आम्हाला हीच दिसते. ती लहान आहे, हेही सांगितले पाहिजे. समजा एखाद्या सणाच्या जेवणातून तीस लिटर तेल उरले. त्यापासून सुमारे तितकेच बायोडिझेल होईल, आणि लिटरला चार किलोमीटर धावणारी बस त्यावर शंभर-सव्वाशे किलोमीटर जाईल. एवढ्याने देशाची आयात थांबत नाही.

नाताळ, चर्चचा सण, लग्ने व प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या जेवणावळी या प्रसंगी आपल्या सभागृहांत मोठ्या कढया चढतात. तेथील तेल पूर्ण गार झाल्यावर कापडातून गाळावे, कोरड्या डब्यात भरून घट्ट झाकण लावावे आणि डब्यावर 'वापरलेले तेल, खाण्यासाठी नाही' असे मोठ्या अक्षरांत लिहावे. त्यात पाणी जाऊ देऊ नये व गाडीचे जळके ऑइल कधीही मिसळू नये, कारण त्याने सगळा डबा निकामी होतो. तेल नेण्यास येणाऱ्याकडे ते बायोडिझेल उत्पादकालाच जाणार असल्याची लेखी पावती मागावी; पावती देण्यास जो कचरतो त्याचे तेल बहुधा पुन्हा कोणाच्या तरी कढईतच जाते.